दुसरा मॉनिटर काळा का राहतो?

आज बोलायचं आहे कॉम्प्युटरला दोन मॉनिटर जोडण्याबद्दल, आणि जोडल्यावर त्यातला एक रुसून बसला तर काय करायचं याबद्दल. दोन मॉनिटर म्हटलं की काहीजणींना शेअर बाजारवाले आठवतील, नाहीतर मुलांचे गेम. आम्हाला आठवतं ते गुलटेकडीचं मार्केट यार्ड, त्यातला भुसार विभाग. आम्ही चौघी-पाचजणी तिथल्या गाळ्यांवर हिशेब लिहितो. कुणी एकाच पेढीवर पूर्णवेळ आहे, कुणी सकाळी एक गाळा आणि दुपारनंतर दुसरा असं करते. खाली गूळ, तांदूळ, मिरचीची पोती आणि वर पोटमाळ्यावर आमचं टेबल.

एका मॉनिटरवर काम होत नाही का, असं शेठ विचारतात. होतं. बरीच वर्षं आम्ही तसंच केलं. पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि टॅलीतला आकडा पोर्टलवर आणि पोर्टलवरचा टॅलीत अशा आमच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर मनात धरून एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायचं, तेवढ्यात खालून हाक आली की नंबर गेला. पुढे १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के कर आला, तोही २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर. म्हणजे तोच तांदूळ २५ किलोच्या पिशवीत असेल तर कर आणि ३० किलोच्या पोत्यात असेल तर नाही. असं प्रत्येक बिल तपासताना एका बाजूला बिल आणि दुसऱ्या बाजूला खातं उघडं असलं, की चूक तिथल्या तिथे दिसते. दुसरा मॉनिटर हा आमच्यासाठी चैनीचा भाग नाही. दरमहा विवरण भरणाऱ्या पेढीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत जायला लागतं. ३बी उशिरा गेलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि कर बाकी असेल तर त्यावर १८ टक्क्यांनी व्याज. १९ तारखेला संध्याकाळी मॉनिटर काळा पडला, की बोलणी आम्हीच खातो.

आणि दुरुस्तीवाला येतो तो दोन दिवसांनी. एका गाळ्यावर असा एक जण आला, पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, ‘कार्ड गेलंय, बदलावं लागेल.’ कार्ड बदललं, पैसे दिले, मॉनिटर पुन्हा आठवड्यात काळा. बिघाड निघाला केबलमध्ये. तेव्हापासून आम्ही ठरवलं की कॉम्प्युटरवाल्याला फोन करण्याआधी आपल्याला जेवढं बघता येतं तेवढं बघायचं. बघायचं ते बाहेरून आत. आधी वीज आणि केबल, मग विंडोजची सेटिंग, आणि मगच ड्रायव्हर. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

आधी मॉनिटर स्वतः काय सांगतो ते वाचा. त्याचा दिवाच लागत नसेल तर गोष्ट विजेची आहे. पिन सैल असेल, बोर्डाचं बटण बंद असेल. दिवा लागतोय आणि ‘नो सिग्नल’ असं येतंय, तर मॉनिटर ठीक आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही. ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ आलं तर चित्र पोचतंय, पण मॉनिटरला झेपेल त्यापेक्षा मोठं पाठवलं जातंय. तिथे केबल बदलून काही होणार नाही, सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्युशन कमी करायचं. एवढ्या तीन वाक्यांत अर्धा तपास संपतो.

‘नो सिग्नल’ असेल तर मॉनिटरच्या बटणांमध्ये ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ शोधा. मॉनिटरला व्हीजीए आणि एचडीएमआय अशा दोन जागा असतात आणि केबल एकीत, निवड दुसरीची, असं खूपदा होतं. साफसफाई करताना बटण दाबलं जातं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

मग अदलाबदल. चालू मॉनिटरची केबल काढून बंद मॉनिटरला लावा. तो लगेच उजळला तर मॉनिटर निर्दोष, संशय केबलवर नाहीतर कॉम्प्युटरच्या मागच्या त्या जागेवर. उजळला नाही तर मॉनिटरच आजारी. यात एक रुपया खर्च नाही, आणि ‘मॉनिटर गेलाय’ असं कुणी सांगितलं तर आपल्याकडे उत्तर असतं.

आता कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. मोबाइलचा टॉर्च घ्या. उभ्या कॅबिनेटला वरच्या भागात एक उभी पट्टी दिसेल, तिथे माउस, कीबोर्ड, इंटरनेटची वायर असते. तिथली व्हीजीए किंवा एचडीएमआयची जागा ही मदरबोर्डची. त्याच्या खाली आडव्या फटी असतात. त्यातल्या एखाद्या फटीत पुन्हा व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय अशा जागा दिसल्या तर कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. कार्ड असेल तर दोन्ही मॉनिटर कार्डालाच लावा. एक वर आणि एक खाली लावला, की बऱ्याच कॉम्प्युटरांत वरचा काळा राहतो, कारण कार्ड सापडलं की मदरबोर्ड आपली जागा बंद करतो. काही प्रोसेसरांना तर आतलं ग्राफिक्सच नसतं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबराशेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये कधीच चित्र येणार नाही, कितीही केबली बदला.

वेगळं कार्ड नसेल तरी घाबरू नका. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच मदरबोर्डांना व्हीजीए आणि एचडीएमआय अशा दोन जागा असतात आणि टॅली, पोर्टल, ईमेल एवढ्यासाठी त्या भरपूर आहेत. एक मॉनिटर एकीत, दुसरा दुसरीत. नवीन कार्ड घ्यायची गरजच नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण कार्ड विकणारा ते सांगेलच असं नाही.

स्प्लिटर नावाची एक वस्तू मिळते. एका जागेतून दोन केबली काढून देते. स्वस्त असते आणि दुकानदार म्हणतो, ‘ताई, याने दोन मॉनिटर चालतील.’ चालतात, पण दोन्हींवर एकच चित्र दिसतं. लग्नाच्या हॉलमध्ये दोन टीव्ही लावायला ती ठीक, एकीकडे टॅली आणि दुसरीकडे पोर्टल तिच्याने होणार नाही.

केबलीचंही तसंच. कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर दोन टोकांना दोन पिना असलेली साधी केबल चालत नाही. एचडीएमआयचं चित्र आकड्यांचं असतं आणि व्हीजीएचं जुन्या पद्धतीचं, लहरींचं. व्हीजीए आलंच १९८७ साली, तेव्हाच्या जाडजूड मॉनिटरांसाठी. त्यामुळे मध्ये बदलून देणारा डबा लागतो, त्याला कन्व्हर्टर म्हणतात, आणि तो एकाच दिशेने काम करतो. दुकानात मागताना ‘कॉम्प्युटरला एचडीएमआय आहे, मॉनिटरला व्हीजीए आहे’ असं पूर्ण वाक्य सांगा. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयमध्ये जाणारी केबलही अशीच दिशेची असते. आमच्यातल्या काहीजणी केबल आणायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जातात. जाताना मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून नेतात. नाव विसरलं तरी फोटो दाखवता येतो.

आता आमच्या यार्डाचे दोन खास शत्रू. पहिला उंदीर. धान्याचा बाजार आहे, तिथे तो असणारच, आणि पोत्यांमागून गेलेली केबल त्याच्या वाटेत येते. बाहेरून केबल धड दिसते, हात फिरवला की खाच लागते. मॉनिटर हलवला की चित्र येतं आणि सोडला की जातं, किंवा सगळं पिवळं नाहीतर गुलाबी दिसतं, तर व्हीजीएच्या केबलमधली एखादी तार तुटलेली असते किंवा पिन वाकलेली. आधी दोन्ही बाजूचे स्क्रू हाताने नीट आवळून पाहा. रंग परत आले तर प्रश्न मिटला. केबल जमिनीवरून नेऊ नका, भिंतीवर पट्टीतून वर न्या.

दुसरा शत्रू धूळ. घरातली धूळ वेगळी आणि भुसार बाजारातली वेगळी. तागाच्या पोत्याचा भुसा, डाळीचं पीठ, मिरचीची पूड, सगळं पंख्यातून आत ओढलं जातं आणि कार्डाच्या पंख्याला चिकटून बसतं. पंखा अडला की कार्ड तापतं, आणि तापलं की दुपारी दोन-तीनच्या सुमाराला मॉनिटर झपकन काळा होऊन परत येतो. सकाळी ठीक आणि दुपारी बिघडतं, असं असलं की आम्ही आधी धूळ बघतो. साफ करताना कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा, चालू करायचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज जाते. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. पंख्याचं पातं बोटाने धरून रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब आत जातात. मिरची गाळ्यावर असाल तर तोंडाला ओढणी बांधा, हे काही सांगायला नको. कार्ड हलत असेल तर त्याचा स्क्रू काढा, खाचेच्या टोकाची छोटी पकड दाबून कार्ड सरळ वर ओढा. त्याचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबराने हलके पुसा, भुरका झटका आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत परत बसवा. कॅबिनेट वॉरंटीत असेल आणि त्यावर सील असेल तर मात्र उघडू नका.

इथवर सगळं ठीक असेल तर विंडोजकडे या. कीबोर्डवर खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आहे, ते दाबून धरा आणि ‘पी’ दाबा. बाजूला चार पर्याय येतात. फक्त पहिला मॉनिटर, दोन्हींवर तेच म्हणजे ‘डुप्लिकेट’, दोन्ही मिळून मोठी जागा म्हणजे ‘एक्स्टेंड’, आणि फक्त दुसरा. आपल्याला ‘एक्स्टेंड’ हवं. दुसरा मॉनिटर काळा असण्याचं कारण कितीदा तरी एवढंच असतं.

मग डेस्कटॉपवर मोकळ्या जागी उजवं क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की मॉनिटरवर आपापला नंबर उमटतो. टेबलावर दुसरा मॉनिटर डावीकडे असेल तर चौकोनही ओढून डावीकडे ठेवा, नाहीतर माउस भलत्याच बाजूने जातो आणि हरवल्यासारखा वाटतो. एकच चौकोन दिसत असेल तर ‘डिटेक्ट’ दाबा. रिझोल्युशनसमोर ज्यावर ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तेच ठेवा, म्हणजे अक्षरं पुसट दिसणार नाहीत. टॅलीची खिडकी बंद पडलेल्या मॉनिटरवर अडकली असेल तर खिडकीचं बटण, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबा, ती या मॉनिटरवर येते.

आता ड्रायव्हर. यार्डात ड्रायव्हर म्हटलं की ट्रकवाला आठवतो. हा ड्रायव्हर म्हणजे एक छोटा प्रोग्राम, दुभाष्याचं काम करणारा. ब्याडगीहून मिरची घेऊन आलेला माणूस कानडीच बोलत असेल आणि शेठना कानडी येत नसेल तर मध्ये कुणीतरी लागतं. विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांच्यामध्ये तसा हा ड्रायव्हर. तो नसला तर विंडोज हातवारे करून कामापुरतं चालवून घेते. एका मॉनिटरवर ढोबळ चित्र मिळतं, दुसरा मॉनिटर सापडत नाही, रिझोल्युशन बदलू देत नाही, आणि खिडकी ओढली की चित्र फरफटत येतं.

हे ओळखायचं कसं? स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक, ‘डिव्हाइस मॅनेजर’, आणि त्यात ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांपैकी नाव आणि पुढे मॉडेल दिसायला हवं. त्याऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असं लिहिलं असेल तर खरा ड्रायव्हर आत नाही. नावापुढे पिवळं चिन्ह असेल तर आहे, पण बिघडलाय.

ड्रायव्हर घालण्याआधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या. ड्रायव्हरमुळे हिशेब पुसला जात नाही, पण मध्येच वीज गेली तर रडायची वेळ नको. मग आधी विंडोज अपडेटमध्ये ‘ऑप्शनल अपडेट्स’ बघा, बऱ्याचदा योग्य ड्रायव्हर तिथेच असतो. नसेल तर कॉम्प्युटर एचपी, डेल, लेनोवो अशा कंपनीचा असल्यास त्या कंपनीच्याच साइटवर, कॅबिनेटवरचा सिरियल नंबर घालून. जोडून घेतलेला असेल तर चिप ज्या कंपनीची तिच्या साइटवर. घालताना मॉनिटर काही क्षण काळा होतो, लुकलुकतो. त्या वेळी घाबरून बटण बंद करू नका. चहा घ्या.

नेटवर ‘ग्राफिक्स ड्रायव्हर’ असं नुसतं शोधलं की वरती ‘तुमचे ड्रायव्हर जुने झालेत, आत्ता मोफत तपासा’ म्हणणारे प्रोग्राम येतात. त्यांना हात लावू नका. ते कॉम्प्युटरमध्ये काय काय घालतील याची खात्री नाही, आणि आपल्या कॉम्प्युटरवर जीएसटीचा पासवर्ड आहे, बँक आहे, शेठच्या सगळ्या गिऱ्हाइकांची खाती आहेत. ‘मी कंपनीतून बोलतोय, स्क्रीन शेअर करा, ड्रायव्हर घालून देतो’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. कुणी फसलंच आणि पैसे गेले तर ताबडतोब १९३० या नंबरावर कळवा.

काल चालत होतं आणि आज नाही, असं असेल तर रात्री विंडोजनं स्वतःच ड्रायव्हर बदललेला असू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर दोनदा क्लिक करून ‘ड्रायव्हर’ या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा, जुना परत येतो. ते बटण फिकट असेल तर जुना ठेवलेला नाही, मग वर सांगितल्याप्रमाणे नवा घाला. काम चालू असताना चित्र गोठलं तर एक युक्ती आहे. खिडकीचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ एकदम. ‘बीप’ वाजतं, मॉनिटर क्षणभर काळा होतो आणि ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. टॅली उघडीच राहते. आमच्यातल्या एकीने हे चार बटणांचं नाव मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलंय.

ड्रायव्हर घातल्यावर सगळंच काळं झालं तर एकच मॉनिटर लावून पाहा. लॉगिनचं पान दिसत असेल तर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा, ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असं जाऊन ‘रीस्टार्ट’ आणि यादी आली की ४ दाबा. हा सेफ मोड. त्यात साधं चित्र येतं आणि बिघडलेला ड्रायव्हर काढता येतो. लॉगिनचं पानही दिसत नसेल, तर इथे मात्र आम्ही जाणकाराला बोलावतो.

जुनं कार्ड विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. एनव्हिडियाचं जीटी ७१० हे कार्ड हिशेबाच्या कॉम्प्युटरांत सर्रास दिसतं. त्याची चिप ज्या केप्लर पिढीची, तिला नेहमीचे नवे ड्रायव्हर देणं कंपनीनं २०२१ मध्ये थांबवलं. त्यामुळे साइटवरचा सगळ्यात ताजा ड्रायव्हर घातला तर ‘योग्य हार्डवेअर सापडलं नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. कार्ड बिघडलेलं नसतं. यादीतून कार्डाचं नेमकं नाव निवडलं, की ४७ ने सुरू होणारा जुना ड्रायव्हर मिळतो आणि तो चालतो. पण आज पैसे देऊन तेच कार्ड घ्यावं असं आम्हाला वाटत नाही. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या कॉम्प्युटरवर खर्च करण्याआधी तो विंडोज ११ घेतो का, हे विचारा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत.

मॉनिटर दोन झाले की मान वळवण्याचं कामही वाढतं. ज्यावर जास्त काम तो बरोबर समोर, हातभर अंतरावर, आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. दुसरा शेजारी, थोडा आपल्याकडे वळवलेला. दोन नंबरांचा चष्मा असेल तर दोन्ही अजून थोडे खाली घ्या, नाहीतर हनुवटी वर करून बघावं लागतं आणि संध्याकाळी मान धरते. उंचीसाठी स्टँड नसेल तर जुन्या चोपड्यांचा गठ्ठा चालतो. आमच्याकडे २०१७ च्या आधीच्या वह्या त्याच कामाला आहेत.

शेवटी, कॅबिनेटच्या बाजूला एक कागद चिकटवा. कार्डाचं किंवा चिपचं नाव, चालत असलेल्या ड्रायव्हरचा आकडा, कुठला मॉनिटर कुठल्या जागेत, केबल कधी बदलली. पुढच्या वेळी दुरुस्तीवाला आला की तो कागद आधी दाखवा. आणि ड्रायव्हर बदलायचं काम ११ किंवा २० तारखेच्या तोंडावर काढू नका. आम्ही ते २१ तारखेनंतर करतो.